लोकसेवा गारंटी आली कुठून, जरा मागचं सांगतो

पुण्या-मुंबईचे नातेवाईक इंदूरला आले की रस्ते किती स्वच्छ म्हणून कौतुक करतात, सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात खातात, पण दाखला कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते पावतीवरच लिहून मिळतं आणि उशीर झाला तर अधिकाऱ्याला खिशातून भरावं लागतं, असा कायदा, म्हणजे लोकसेवा गारंटी, देशात सगळ्यात आधी मध्य प्रदेशात झाला हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला २०१५ मधे, आमच्याकडे २०१० मधेच लागू झाला होता. (इतकी फुशारकी चालते, इंदूरी माणूस आहे.)

आता इंदूरात कुठलीही गोष्ट अहिल्याबाईंपासून सुरू करायची पद्धत आहे, त्या महेश्वरला स्वतः दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकायच्या वगैरे, आणि ते खरंही आहे. पण गादीवर बसलेला माणूस भला असेल तोवरच हे चालतं. १९४८ मधे होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं, पुढे कलेक्टर आले, तहसील आल्या, तरी रीत तीच राहिली, साहेब चांगला निघाला तर काम झालं, नाही तर "बाबूजी छुट्टी पे हैं, कल आना". २००९ मधे दर मंगळवारची जनसुनवाई सुरू झाली, मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात लोक अर्ज घेऊन उभे असतात, ती सुद्धा माझ्या मते दरबाराचीच पुढची पिढी. तिथे काम होतं, पण साहेबांनी मनावर घेतलं म्हणून होतं, तुमचा हक्क आहे म्हणून नाही.

हक्काची भाषा आली ती इंग्लंडातून. १९९१ मधे तिथले पंतप्रधान जॉन मेजर यांनी सिटिझन्स चार्टर काढला, म्हणजे कोणती सेवा, किती वेळात, कशी मिळेल हे सरकारी खात्याने आधीच जाहीर करायचं. मे १९९७ मधे दिल्लीत मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत आपल्याकडेही तसं ठरलं आणि मग ऑफिसाऑफिसात 'नागरिक अधिकार पत्र' लिहिलेले बोर्ड लागले. बोर्ड छान होते, पण दिलेल्या दिवसात काम नाही झालं तर पुढे काय, हे त्याच्यावर कुठेच नव्हतं, त्यामुळे बाबूला काही फरक पडला नाही आणि लोकांनीही वाचणं सोडून दिलं.

दुसरा प्रयोग आमच्या शेजारीच झाला, धारला. पवारांचं जुनं संस्थान, इंदूरपासून साठेक किलोमीटर. जानेवारी २००० मधे तिथे ज्ञानदूत सुरू झालं, खेड्यात कॉम्प्युटरची केंद्रं ज्यांना सूचनालय म्हणायचे, आणि ती चालवणारा गावचाच मुलगा. मंडीचे भाव, जमिनीच्या कागदांच्या नकला, हातपंप बिघडल्याची तक्रार, सगळं थोडी फी देऊन तिथूनच. त्याच वर्षी स्टॉकहोमचा पुरस्कारही मिळाला, बाहेरून लोक बघायला येत. नंतर ते मंदावलं. लाईट नसायची, फोनलाईन बंद पडायची, हे तर होतंच, पण मला वाटतं खरी गोम वेगळीच होती, गावातून अर्ज झटकन जायचा आणि तहसीलीत जाऊन त्याच जुन्या टेबलावर पडून राहायचा. खिडकी नवी, आतला माणूस तोच, आणि त्याला घाई करायचं काही कारणच नाही.

२०१० च्या कायद्याने नेमकं हे कारण तयार केलं. २५ सप्टेंबर २०१० ला लोकसेवा गारंटी लागू झाली, सुरुवातीला ९ खात्यांच्या २६ सेवा, नंतर वाढत गेल्या. प्रत्येक सेवेला एक ठरलेला अधिकारी आणि ठरलेली मुदत. उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,०००, आणि काही कारण नसताना सेवाच दिली नाही तर एकरकमी ५०० ते ५,०००. हा दंड अर्जदाराला भरपाई म्हणून देता येतो, ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते. रक्कम काही फार मोठी नाही, पण ती खात्याच्या बजेटमधून न जाता साहेबांच्या खिशातून जाते, तेवढ्यावर फाईल हलायला लागली. २०११ मधे बिहारनेही असाच कायदा लागू केला, मग एकामागून एक राज्यं आली. २०१२ मधे आमच्या या कायद्याला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार पण मिळाला.

त्याच वर्षी लोकसेवा केंद्रं उघडायला लागली, खाजगी माणसं चालवतात. मूळ निवासी, आय (उत्पन्न), जातीचा दाखला, खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नकल, अर्ज इथेच द्यायचा आणि पावती घ्यायची, बाबूचं तोंड बघायचं कामच नाही. मग २०१४ मधे १८१ ची सीएम हेल्पलाईन आली. तक्रार एल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या अधिकाऱ्याकडे जाते, वेळेत निपटली नाही तर आपोआप वर एल-२, एल-३, एल-४ पर्यंत चढते.

पण सरकारी डोकं पण काही कमी नाही. मुदत मोजली जाते म्हटल्यावर मुदत संपायच्या आत 'कागद अपुरे' लिहून अर्जच खारीज करायचा ही युक्ती निघाली, रेकॉर्डवर काम वेळेत झालेलं दिसतं. १८१ च्या तक्रारीत तर "भैया, कंप्लेंट बंद करवा दो, काम कर देंगे" असे फोन येतात, आणि ऐकलं नाही तर कधी वरूनच फोर्स क्लोज, म्हणजे जबरदस्तीने बंद करून टाकतात. याच्यावर कायद्यात इलाज आहे, पहिली अपील, आणि ती नाही जमली तर दुसरी. अर्ज खारीज झाला किंवा पावतीवरची तारीख उलटून गेली की ३० दिवसांच्या आत पहिली अपील करायची असते. दंड लावायचा अधिकार दुसऱ्या अपीलवाल्या अधिकाऱ्याकडे असतो, आणि लोक तिथवर जातच नाहीत, नवीन अर्ज करून मोकळे होतात.