छर्रे महाग, काडतुसे दुर्मीळ : सराव कसा चालू ठेवावा
बडोद्यातील आमच्या नेमबाज ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काउंटरवर हल्ली दोनच प्रश्न येतात. "भाव पुन्हा वाढला का?" आणि "डबे आले का?" दोन्हींची उत्तरे उभ्या उभ्या देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक काढले. गुजरातीतले वेगळे आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मंडळींनी मराठीत हवे म्हणून आग्रह धरला.

आधी एक खुलासा. आम्ही एअर रायफली, एअर पिस्तुले, त्यांचे छर्रे आणि दुरुस्ती एवढाच धंदा करतो. काडतुसे विकण्याचा परवाना आमच्याकडे नाही. पण दहा मीटरवर हात बसवलेले आमचे बरेच ग्राहक आता पन्नास मीटरवर .२२ बोअरची काडतुसांची रायफल चालवतात, आणि टंचाईची खरी झळ त्यांनाच बसते आहे. छर्रे विकणाऱ्यानेच "कमी मारा" म्हणावे हे चमत्कारिक वाटेल. आमचा हिशेब सरळ आहे. खर्च झेपत नाही म्हणून रायफल एकदा कपाटात गेली की सहसा परत बाहेर येत नाही, आणि तिच्याबरोबर ग्राहकही जातो.

भाव का चढले

स्पर्धेच्या दर्जाची .२२ काडतुसे आपल्याकडे येतात ती मुख्यतः युरोपातून. एलीचा कारखाना इंग्लंडात बर्मिंगहॅमला, लापुआची .२२ काडतुसे जर्मनीत श्योनेबेकला होतात. छर्ऱ्यांच्या कंपन्यांचेही तसेच: एच अँड एन जर्मन, जेएसबी चेक. म्हणजे तिकडे काही बिनसले की इकडे डबा महागणारच. त्यात रुपया घसरला. २०२५ मध्ये एका युरोला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागू लागले. कारखान्याने भाव एका पैशानेही वाढवला नसता, तरी आपल्याला डबा महागच पडला असता.

बिनसले मात्र बरेच आहे. काडतुसातली दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि ते बनते कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यापासून युरोपातल्या दारूगोळा कारखान्यांना तोफगोळ्यांच्या मागण्या पुरवता पुरवता दम लागला आहे. कच्चा माल तोच, यंत्रे आणि कामगारही बहुतेक तेच. खेळाची काडतुसे रांगेत मागे जातात. दुसरी अडचण अँटिमनीची. शिसे कठीण करायला हा धातू लागतो, काडतूस पेटवणाऱ्या मसाल्यातही त्याचे संयुग वापरतात. सप्टेंबर २०२४ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर बंधने घातली आणि जगभर भाव भडकले. तिसरी वाहतूक. काडतुसे स्फोटक मालात मोडतात, ती घ्यायला सगळ्या जहाज आणि विमान कंपन्या तयार नसतात. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली.

छर्ऱ्यात दारू नसते. म्हणून छर्रे महागले तरी मिळतात, .२२ मात्र पैसे हातात घेऊन उभे राहिले तरी मिळेलच असे नाही. हा फरक लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

महाग माल कुठे लागतो, कुठे लागत नाही

पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटर दूर गेला तरी दहाच. पुढच्या प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी होतो. आता तुमचा नेम आठमध्ये लागला असेल, तर छर्रा केंद्रापासून १६ ते २४ मिलिमीटर भरकटला आहे. साधारण बऱ्या छर्ऱ्याचा स्वतःचा दोष दोन-तीन मिलिमीटर. बाकीचे मनगट आणि ट्रिगर! पिस्तूलवाल्या हौशी नेमबाजाने सर्वांत महाग डबा घेणे म्हणजे आमच्या गल्ल्यात दान टाकणे होय. आम्ही घेऊ, पण सल्ला विचारलात तर मधल्या दर्जाचा डबा घ्या म्हणू.

एअर रायफलचे गणित वेगळे आहे. तिथे दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्ऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटरच्या आत हवा, आणि स्पर्धेत दशांश गुण मोजतात, त्यामुळे १०.१ आणि १०.६ यांतला फरकही निकालात उतरतो. इथे चांगला छर्रा हवा, पण रोज नको. उभ्याने साठ नेमांत सरासरी साडेनऊच्या खाली असणाऱ्याने सरावाला मधला डबा वापरावा आणि चांगला डबा स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात उघडावा.

.२२ मध्येही हाच न्याय लावा. पन्नास मीटरवर रायफलचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, पंचवीस मीटर पिस्तुलाच्या प्रिसिजन लक्ष्यावर तब्बल ५० मिलिमीटरचे. पंचवीस मीटरवाल्याला सामन्याच्या दर्जाची काडतुसे लागतच नाहीत. पिस्तुलात न अडकता नियमित चालणारी साधी काडतुसे पुरतात. क्लबात मोजकी चांगली काडतुसे आली, तर ती पन्नास मीटर रायफलवाल्यांसाठी सोडावीत असे आमचे मत आहे. पिस्तूलवाले रागावतील, पण आकडे वर दिले आहेत.

दर्जापेक्षाही लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेला माल, महत्त्वाचा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे लागतात. काडतुसांवरच्या मेणाचा थर नळीत बसलेला असतो. ब्रँड बदलला की नवा थर बसेपर्यंत पंधरा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातात, मग पुन्हा साइट जुळवा. टंचाईत माणूस मिळेल ते घेतो, आज या नावाचे पन्नास, उद्या त्या नावाचे पन्नास, आणि निम्मी काडतुसे रायफल जुळवण्यातच संपतात. त्यापेक्षा दर्जा एक पायरी खाली उतरवा, पण वर्षभराचा माल शक्यतो एकाच लॉटचा घ्या.

डबा निवडताना टेकू लावून मारा आणि पाच छर्ऱ्यांच्या भोकांचा एक सुरेख ग्रुप, म्हणजे पुंजका, पाहून भाळू नका. प्रत्येक प्रकाराचे निदान चार-पाच ग्रुप काढा आणि त्यातला सर्वांत वाईट कोणता ते बघा. छर्ऱ्याच्या डोक्याच्या ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा मापांचाही फरक पडतो. कोणते माप चालेल हे तुमची नळी सांगेल, शेजारच्या लेनवरचा गृहस्थ नव्हे.

गोळीशिवायचा सराव

ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या शस्त्राने नेम धरून ट्रिगर दाबणे. सगळे कोच हे सांगतात आणि हौशी मंडळी ऐकत नाहीत, कारण त्यात आवाज नाही, भोक नाही, गंमत नाही. पण गोळी सुटताना साइट कुठे होती हे दिसते ते इथेच. खऱ्या नेमात डोळा लगेच लक्ष्याकडे धावतो आणि चूक भोकाखाली झाकली जाते.

घरी करायचे असेल तर खोलीत एकही काडतूस किंवा छर्रा ठेवू नका, आणि नळी व चेंबर दोनदा तपासा. पहिली दहा मिनिटे कोऱ्या भिंतीवर, लक्ष्य न लावता, फक्त साइट आणि ट्रिगर. मग लक्ष्य. वाडीतल्या जुन्या घरांच्या लांब ओसरीत सहज पाच मीटर मिळतात. तेवढ्या अंतराला काळे वर्तुळ निम्मे करायचे. रायफलसाठी ३०.५ ऐवजी सव्वापंधरा मिलिमीटर, पिस्तुलासाठी ५९.५ ऐवजी तीस. डोळ्याला दहा मीटरसारखेच दिसते.

एक सावधगिरी मोठ्या अक्षरांत लिहायला हवी होती. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफली छर्ऱ्याशिवाय कधीही चालवू नका. पिस्टनपुढे हवेची उशी तयार होत नाही, तो थेट आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. दुरुस्तीला येणाऱ्या रायफलींत हे नेहमीचे आहे. दाबलेल्या हवेच्या मॅच रायफलींना ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरा. .२२ मध्ये स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचे नकली काडतूस, घाला, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

आता हिशेब. आठवड्यातून तीनदा ऐंशी छर्रे मारणाऱ्याचा पाचशेचा डबा दोन आठवड्यांत संपतो. त्यानेच चाळीस ड्राय आणि चाळीस खरे मारले तर डबा महिनाभर जातो, आणि आमच्या अनुभवाने गुण घसरत नाहीत. खऱ्या चाळीसमध्येही पहिले दहा नुसते "गरम व्हायला" उडवू नका. ते काम ड्राय फायरवर भागते. नवरात्रात नऊ रात्री गरबा असतो, सरावाला कोणी फिरकत नाही, आणि दसऱ्यानंतर परतलेली मंडळी पहिल्याच दिवशी साठचा पूर्ण सामना खेळतात. ते साठ छर्रे फुकट जातात. पहिले तीन दिवस भिंतीवर काढा.

थ्री पोझिशनवाल्यांना, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत रायफल मारणाऱ्यांना, आणखी एक सांगतो. सामना आता प्रत्येक स्थितीत वीस, असा साठ गोळ्यांचा आहे. पूर्वी पुरुषांना तीन वेळा चाळीस मारावे लागत. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले ते याच नव्या पद्धतीत. तरी आपल्याकडे काहीजण जुन्या वहीप्रमाणे एकशेवीस गोळ्या उडवतात. कशासाठी? आणि ज्या महिन्यात .२२ मिळतच नाही त्या महिन्यात एअर रायफलवर तिन्ही स्थितींचा सराव करा. गुडघ्यावरची बैठक आणि पट्ट्याचा ताण यांना गोळी कोणती हे कळत नाही.

ट्रॅप-स्कीटबद्दल, म्हणजे हवेत उडवलेल्या डिस्कवर बंदूक मारण्याच्या प्रकारांबद्दल, आमचा अनुभव तोकडा आहे. पंचवीसच्या एका फेरीत काडतुसे आणि डिस्क दोन्हींचा खर्च पडतो, म्हणून रिकामी बंदूक खांद्याला आणण्याचा सराव घरी जितका होईल तितका करावा, एवढेच म्हणतो.

कायद्याच्या बाजूने

.१७७ बोअरच्या (म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या) आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढचे सगळे शस्त्र कायद्यात येते. शहरात परवान्याचे काम पोलिस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने क्रीडा नेमबाजांसाठी काडतुसांची मर्यादा बरीच वाढवली, पण ती तुमच्या दर्जाप्रमाणे ठरते. तुमच्या परवान्यावर जो आकडा आहे तोच तुमचा. जुना आकडा असेल तर क्लबाच्या सचिवांना गाठून रीतसर अर्ज करा.

टंचाईत उसनवारी सुरू होते. "माझ्याकडची शंभर घे, नंतर दे." हे करू नका, मित्र कितीही जवळचा असो. परवाना नसलेल्याला काडतूस देणे गुन्हा आहे आणि परवाना असला तरी त्यावर नोंद नसलेला माल बाळगणे अंगाशी येते. क्लबाने रेंजवर दिलेली काडतुसे रेंजवरच संपवा, उरलेली परत करा. काडतुसांच्या रिकाम्या केसी (टोपणे) घरी पुन्हा भरण्याचाही प्रश्न काहीजण विचारतात: तो उत्पादनाचा भाग आहे, परवान्याशिवाय चालत नाही, आणि .२२ च्या केसीत मसाला कडेत भरलेला असल्यामुळे ती पुन्हा भरण्याजोगी नसतेच. मोबाइलवर "विदेशी .२२, लायसन नको, घरपोच" असे संदेश फिरतात. त्यात पैसे बुडाले तर सुटलात असे समजा. माल खरंच आला तर जास्त पंचाईत.

या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती दादासाहेब मावळणकरांच्या पुढाकाराने. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि जन्म आपल्या बडोद्याचा. त्यांच्याच नावाच्या मावळणकर नेमबाजी स्पर्धेला जाणाऱ्या आमच्या मुलांनाही हे ठाऊक नसते, म्हणून जाता जाता लिहिले.

साठवण

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, हे कोणाला सांगायला नको. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी काडतुसे आणि छर्रे कुलपाच्या कपाटात, पण वरच्या फळीवर ठेवावेत. भिजलेली काडतुसे उन्हात वाळवून वापरू नका. मसाला अर्धवट पेटला तर गोळी नळीतच अडकते आणि पुढची गोळी नळी फाडते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबा, शस्त्र उतरवा, नळीतून आरपार दिसते का पाहा. खराब काडतुसे कचऱ्यात न टाकता परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिस ठाण्यात विचारून जमा करा.

डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. तेल लावू नका, ते मसाल्यापर्यंत झिरपते. मे महिन्यात मोटारीत माल ठेवून लग्नाला जाऊ नका. छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी दिसली की ते टाकून द्या, ती शिशाची आहे. खाली पडलेला छर्रा परत डब्यात घालू नका. त्याचा घेर चेपलेला असतो आणि चिकटलेली वाळू नळी खरवडते. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय शेव-उसळीला हात लावू नका, आणि वापरलेले शिसे घरी वितळवण्याचा उद्योग तर मुळीच नको. घरात लहान मुले असतील तर सरावाचे कपडेही वेगळे धुवा.

आमच्याकडची सध्याची पद्धत

माल आला की प्रत्येकाला एका वेळी दोन डबे. स्पर्धेचे पत्र दाखवल्यास चार. भावाची पाटी लावलेली नाही, कारण प्रत्येक खेपेला तो बदलतो. पण ज्या दिवशी आगाऊ रक्कम भराल त्या दिवसाचाच भाव लागेल, माल उशिरा आला तरी. न उघडलेला डबा त्याच लॉटच्या दुसऱ्या मापाशी बदलून देऊ. वेगवेगळ्या प्रकारांचे पन्नास-पन्नास छर्रे असलेली चाचणीची पुडी मिळते आणि मागच्या लेनवर टेकू लावून मारता येते; शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी या. चार-पाच जणांनी मिळून एकाच लॉटची मागणी नोंदवली तर आम्हाला वितरकाकडे जोर करता येतो, तुम्हालाही सवलत पडते.

येताना स्वतःची रायफल किंवा पिस्तूल बंद पेटीत आणा, आणि संपलेल्या डब्यावरचे लॉटचे लेबल फेकून देऊ नका. तोच लॉट शिल्लक असेल तर त्यावरूनच शोधून देता येतो.