पार्श्वभूमी : डीएचसीपी क्लायंट आणि ‘रिमोट’ या शब्दाचा घोळ

मशीन नेटवर्कला जोडले की सर्व्हरकडून त्याला पत्ता आणि इतर सेटिंग मिळतात, ती डीएचसीपी या प्रोटोकॉलने; ती मागणारा मशीनवरचा प्रोग्रॅम म्हणजे डीएचसीपी क्लायंट. त्यातल्या ‘डायनोरूट’ या सुरक्षा-दोषाची (दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१८-११११) दुरुस्ती दोन अक्षरांची आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ आणि ७ मध्ये डीएचक्लायंट या डीएचसीपी क्लायंटबरोबर, जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरसाठी, एक छोटी शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) येत असे. सर्व्हरकडून आलेले पर्याय (क्रमांक दिलेली सेटिंग) नेटवर्कमॅनेजर एका धर्तीच्या नावांनी ठेवतो, डीएचक्लायंटच्या जुन्या स्क्रिप्टना ते ‘न्यू_’ने सुरू होणाऱ्या नावांनी हवे असतात. नाव बदलून पुढे देणे एवढेच मधल्या स्क्रिप्टचे काम. त्यासाठी ती ‘डिक्लेअर’चे आउटपुट (नावे आणि त्यांतला मजकूर) ‘रीड’ने ओळीओळीने वाचून ‘एक्स्पोर्ट’च्या ओळी बनवी आणि सगळे ‘इव्हॅल’च्या, म्हणजे मजकूर आज्ञा म्हणून चालवणाऱ्या आज्ञेच्या, हवाली करी.

घात ‘रीड’ने केला. मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आले तर ‘डिक्लेअर’ त्याला बॅकस्लॅश लावते. ‘-आर’ न दिलेले ‘रीड’ तो बॅकस्लॅश गिळते. मग अवतरण मध्येच मिटते आणि उरलेला मजकूर रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने आज्ञा म्हणून चालतो. प्रात्यक्षिक एका ट्वीटमध्ये मावले. त्यात प्रॉक्सी शोधण्यासाठीचा पर्याय २५२ वापरला होता. दुरुस्ती : ‘रीड’ऐवजी ‘रीड -आर’.

ही वाट नवी नव्हती. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या शेलमधला शेलशॉक हा दोष उघड झाला तेव्हा पर्याय ११४ मधून हेच करून दाखवले गेले होते. बॅश दुरुस्त झाला, पण परक्या सर्व्हरचा मजकूर रूटच्या शेलपर्यंत नेणारी रचना तशीच राहिली. खरी चूक ती होती. मुळात १९९७ च्या आरएफसी २१३१ या डीएचसीपीच्या मानक दस्तऐवजातच हा प्रोटोकॉल बराच असुरक्षित असल्याची कबुली आहे. २००१ मध्ये प्रमाणीकरणाची (समोरचा खरा आहे का हे तपासण्याची) जोड आली, ती फारशी कोणी वापरली नाही.

वाद झाला तो गुणांकनाचा. डायनोरूटला उत्पादकाने ‘क्रिटिकल’ ठरवले, पण सीव्हीएसएस या, दोषाची तीव्रता १० पैकी मोजणाऱ्या पद्धतीत गुण मिळाले ७.५, म्हणजे ‘हाय’. कारण हल्ल्याचा मार्ग ‘नेटवर्क’ नव्हे, ‘शेजारचे नेटवर्क’ असा धरला आणि अवघडपणाही जास्त लावला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीच्या डीएचसीपी क्लायंटमध्ये मेमरी बिघडवणारा दोष निघाला (सीव्हीई-२०१९-०५४७). तिथेही हल्ला सर्व्हरच्या उत्तरातूनच. त्याची नोंद मात्र ‘नेटवर्क’ मार्गाने, ९.८ गुणांची. जिथे ९ च्या वरच्या दोषांचेच पॅच (दुरुस्त्या) आधी लावण्याचा नियम असेल, तिथे डायनोरूट रांगेत मागे पडणार.

गोंधळ शब्दांचा आहे. ‘रिमोट’ म्हणजे त्या मशीनवर लॉगिन नसताना कोड चालवता येणे; ‘शेजारचे’ म्हणजे राउटरच्या अलीकडचे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. पण लॅपटॉपला कायमचा शेजार नसतो : सकाळी ऑफिस, दुपारी स्टेशनवरचे वाय-फाय, रात्री हॉटेल. शिवाय रिलेमुळे (विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मधल्या यंत्रामुळे) खरा सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्येही, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागातही, असतो. तोच ताब्यात गेला तर ‘शेजार’ इमारतभर पसरतो. तेव्हा ७.५ हा आकडा सूत्राने बरोबर असला, तरी लॅपटॉपसाठी दिशाभूल करणाराच आहे.

डायनोरूटनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या संचातल्या डीएचसीपीव्ही६ (आयपीव्ही६ साठीच्या) क्लायंटमध्ये हीपबाहेर, म्हणजे राखून घेतलेल्या मेमरीच्या बाहेर, लिहिण्याचा दोष सापडला. शेल टाळले की प्रश्न मिटतो, हा समज तिथे खोटा ठरला. २०२२ मध्ये मूळ डीएचक्लायंटची देखभालच थांबली.

स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (डीएचसीपी संदेशांवरचा पहारा) लावले की अविश्वासू पोर्टवरून येणारे ‘ऑफर’ आणि ‘ॲक’, म्हणजे सर्व्हरची उत्तरे, गळून पडतात, पण हे संरक्षण त्या इमारतीपुरतेच. जुन्या मशीनवर पॅच लावता येत नसेल तर नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरमधली ती स्क्रिप्ट काढून टाकता येते. मग एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) आणि एनआयएस (वापरकर्त्यांची माहिती पुरवणाऱ्या) सर्व्हरचे पत्ते आपोआप लागू होत नाहीत, ते हाताने घालावे लागतात.