पिकअप ट्रकमधील फॉग दिवे आणि अप्पर यांची जोडणी

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक पिकअप ट्रकांमध्ये हेडलाइट अप्परवर, म्हणजे दूरच्या झोतावर, टाकताच धुक्यासाठीचे फॉग दिवे आपोआप विझतात आणि डिपरवर, म्हणजे जवळच्या झोतावर, येताच पुन्हा लागतात. कारखान्यातूनच घातलेली ही अट काढून दोन्ही दिवे एकाच वेळी चालू राहावेत, यासाठी मालक वायरिंगमध्ये किंवा गाडीच्या नियंत्रकात फेरफार करतात. खर्च किरकोळ आणि काम तासाभराचे असल्यामुळे हौशी मंडळींत हा बदल लोकप्रिय आहे.

या अटीचे मूळ प्रकाशशास्त्रापेक्षा कायद्यात अधिक आहे. अमेरिकी राज्यांनी आपापले वाहतूक कायदे ज्या आदर्श संहितेवरून बेतले, तिच्यानुसार ३०० कँडलपॉवरपेक्षा (कँडलपॉवर हे दिव्याच्या प्रखरतेचे माप) प्रखर असे चारापेक्षा जास्त दिवे महामार्गावर गाडीच्या पुढच्या बाजूस एकाच वेळी पेटते ठेवता येत नाहीत. १९५७-५८ च्या सुमारास चार हेडलाइटच्या गाड्या रूढ झाल्या, आणि त्यांच्यात अप्परवर चारही दिवे लागत असल्याने फॉग दिव्यांची जोडी धरून संख्या सहा होऊ लागली. संघीय सुरक्षा मानक १०८ हेडलाइटचे नियमन काटेकोरपणे करते. फॉग दिव्यांच्या कामगिरीचे निकष मात्र ते घालून देत नाही, त्यामुळे हा विषय राज्यांकडेच राहिला. प्रत्येक राज्यासाठी वेगळे वायरिंग करण्यापेक्षा अप्परवर फॉग दिवे बंद ठेवणे निर्मात्यांना सोयीचे होते. युरोपात प्रचलित असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४८ प्रमाणे फॉग दिवे अप्पर व डिपर या दोहोंपासून स्वतंत्रपणे लावता-विझवता आले पाहिजेत. भारतातील एआयएस-००८ हे मानकही त्याच धर्तीवर असल्यामुळे या बदलाची गरज मुख्यतः उत्तर अमेरिकी गाड्यांनाच भासते.

जुन्या गाड्यांत सगळी करामत एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमध्ये, असते. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीचा प्रवाह येतो, ८७ वरून तो दिव्यांकडे जातो आणि ८५ व ८६ या टोकांमधील कॉइलला वीज मिळाली, तरच मधला संपर्क जुळतो. ही वीज डिपरच्या वायरीतून घेतलेली असते. म्हणून अप्पर लागून डिपर बंद झाला, की कॉइल सुटते आणि फॉग दिवे विझतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॉइलची वायर डिपरवरून काढून पार्किंग लाइटच्या वायरीला जोडणे. पण मग हेडलाइट न लावताही फॉग दिवे लागू शकतात, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात फॉग दिवे हेडलाइटला पर्याय म्हणून वापरणे बेकायदेशीर आहे. त्यापेक्षा दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घेऊन एक डिपरच्या आणि दुसरा अप्परच्या वायरीतून कॉइलकडे आणणे अधिक शहाणपणाचे ठरते. दोहोंपैकी कोणताही झोत चालू असला, की रिले ओढला जातो, आणि डायोडांमुळे एका वायरीतील वीज उलटी दुसरीत शिरत नाही. कॉइल जेमतेम १५० ते २०० मिलिअँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे एक अँपिअरचे साधे डायोड पुरतात. टोयोटाच्या कित्येक जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचे बटण दिव्याकडे येणाऱ्या विजेच्या नव्हे, तर अर्थिंगच्या (जमिनीच्या जोडणीच्या) बाजूला असते. अशा गाडीत टेस्ट लॅम्पने आधी खात्री करून न घेता वायर जोडली, तर परिणाम नेमका उलटा होतो.

अलीकडच्या गाड्यांत हा निर्णय बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिव्यांसारख्या गोष्टी सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, घेते. त्याच्या वायरीला मध्येच जोड दिल्यास दिवा खराब झाल्याची सूचना डॅशबोर्डवर येऊ शकते, म्हणून तेथे पक्कडीपेक्षा लॅपटॉप उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, फोर्ड एफ-१५० चे मालक ओबीडी सॉकेटला (गाडीतील बिघाड तपासण्याच्या जोडणीला) अडॅप्टर लावून फोरस्कॅन या प्रणालीद्वारे मॉड्यूलमधील संबंधित मूल्य बदलतात. मूळ नोंदींची प्रत आधी जपून ठेवणे आणि काम चालू असताना बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) पडू न देणे, ही पथ्ये टाळण्यासारखी नाहीत. मॉड्यूलमध्ये नवे मूल्य लिहिण्याचे काम अर्ध्यावर तुटले, तर नुसते दिवेच नव्हे, तर पूर्ण मॉड्यूल बंद पडण्याचा धोका असतो.

एवढे करून दिसते किती, हा प्रश्न राहतोच. फॉग दिव्याचा झोत रुंद, आडवा आणि वरच्या कडेला कापलेला असतो. तो बंपरपुढची थोडी जमीन आणि रस्त्याच्या दोन्ही कडा उजळतो. अप्परचे काम दूरचे दाखवणे हे आहे. जवळची जमीन फार उजळली, की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दूरचे मंद उजेडातील हरीण किंवा उभी गाडी ओळखायला उशीर होतो, जरी चालकाला एकंदरीत जास्त दिसत असल्यासारखे वाटले तरी. धुक्यात तर अप्परचाच प्रकाश थेंबांवरून परत डोळ्यांत येतो, तेव्हा तेथे ही जोडी कामाचीच नाही. शेतातल्या किंवा जंगलातल्या वळणावळणाच्या वाटेवर सावकाश जाताना चर आणि कडेचे दगड दिसावेत, एवढ्यापुरता तिचा उपयोग मान्य करावा लागतो.

पिकअपच्या बाबतीत उंचीचा मुद्दाही गुंतलेला आहे. कॅलिफोर्नियात फॉग दिवे जमिनीपासून १२ ते ३० इंचांच्या दरम्यान, म्हणजे सुमारे ३० ते ७६ सेंमी. उंचीवर असावे लागतात आणि गाडी रिकामी असताना डावीकडील प्रखर झोत २५ फुटांपर्यंत दिव्याच्या मध्यापेक्षा किमान ४ इंच खाली राहावा लागतो. सस्पेन्शन उचलून मोठी चाके बसवलेल्या ट्रकमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय समोरून वाहन आल्यावर चालकाने अप्पर उतरवला, तरी फॉग दिवे चालूच राहतात, म्हणून अशा ट्रकमध्ये वायरिंगला हात लावण्याआधी त्यांचा रोख पुन्हा बसवून घेणे आवश्यक असते.