काचबिंदूच्या ऑपरेशननंतर: पडद्यामागे पाणी की रक्त?

काचबिंदूचं ऑपरेशन होऊन चार-आठ दिवस झाले की कधीकधी डॉक्टर बी-स्कॅन करायला सांगतात. सोलापुरात त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "डोळ्याची कुठं सोनोग्राफी असते का वो?" असते. रिपोर्टवर 'कोरॉइडल डिटॅचमेंट' लिहून येतं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं 'पडदा सरकला' झालेलं असतं. खरं तर डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटलेला नसतो. त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, आत फुगलेला असतो. आता प्रश्न एवढाच, की फुगवट्यात पाणी आहे की रक्त?

काचबिंदूच्या या ऑपरेशनमध्ये, म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमीत, डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून देतात. एरवी डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 मिमी (पाऱ्याचे) असतो. वाट जास्तच मोकळी झाली किंवा टाक्यातून पाणी झिरपलं, तर तो पाच-सहाच्याही खाली जातो. 'प्रेशर चार आलंय' म्हणून पेढे वाटायची घाई नको. दाब इतका पडला की कोरॉइडच्या रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं आणि मागे साठतं. दुखत नाही, नजर थोडी धूसर होते. बहुतेकदा ॲट्रोपिन आणि स्टिरॉइडच्या थेंबांवर, दाब सावरला की, ते आपोआप जिरतं. गळती असेल तर ती मात्र बंद करावी लागते.

रक्ताची गोष्ट वेगळी, पण सुरुवात अनेकदा याच पाण्यातून होते. फुगलेल्या थराबरोबर मागच्या बारीक धमन्या ताणल्या जातात. अशात जोराचा खोकला, उलटी, शौचाला कुंथणं किंवा यंत्रमागाचा बीम उचलणं झालं की एखादी फुटते. विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीने ठसका लागलेला असतो. तो ऑपरेशनआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावा. वय जास्त, बीपी, चष्म्याचा मोठा मायनस नंबर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांनी धोका वाढतो. (गोळ्या मनाने बंद करू नयेत, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.) रक्त सुटलं की बहुधा एकदम ठणका लागतो, मळमळतं, दिसणं झपकन कमी होतं आणि पडलेला दाब उलट चढतो.

बी-स्कॅनमध्ये दोन्ही फुगवटे सारखेच दिसतात: दोन्ही बाजूंनी आत आलेले गुळगुळीत घुमट, मोठे झाले तर मध्ये एकमेकांना टेकलेले. बघायचं ते घुमटाच्या पोटात. पाणी असेल तर आत निव्वळ काळं. ताजं रक्त असेल तर करडं-पांढरं, दाणेदार, गाठीगाठीचं. ही तपासणी मिटलेल्या पापणीवर जेल लावून, प्रोब अगदी हलका टेकवून करतात. नव्या टाक्यांवर जोर देऊन चालत नाही.

"ओसीटी झालंय की, परत कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या थरांचं स्कॅन, ते प्रकाशावर चालतं. पुढच्या भागाच्या ओसीटीत ऑपरेशनच्या जागेचा फुगा छान दिसतो, पण बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे तो प्रकाश नीट पोचत नाही, आणि डोळा गढूळ असेल तर मागचा पडदाही दिसत नाही. आवाजाच्या लहरींना ती अडचण नाही. पाण्याचा थर अगदी पातळ आणि पुढे असेल तर बी-स्कॅनलाही चुकतो. तिथे यूबीएम हे जास्त बारकाईने बघणारं यंत्र लागतं.

पाणी असेल तर सांगितलेल्या तारखेला दाखवलं तरी चालतं. ठणका लागला तर मात्र मंगळवेढ्याहून असो की अक्कलकोटहून, त्याच रात्री निघावं. रक्त कळल्यावरही डॉक्टर अनेकदा लगेच चाकू लावत नाहीत, आणि नातेवाईक चिडतात. ताजी गाठ बाहेर निघत नाही. ती विरघळायला साधारण 7 ते 14 दिवस जातात. तोवर दाब आणि दुखणं औषधांनी आवरतात आणि पुन्हा पुन्हा बी-स्कॅन करतात. करडे दाणे विरून आतलं काळं, हलतं दिसू लागलं की मग रक्त काढायचं का, ते ठरतं.