कॅमेऱ्याचा करडा अंदाज

पावसाळ्यात सकाळच्या वेळी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर धुके उतरते, तेव्हा तटाखालचे भातशिवार दुधात बुडाल्यासारखे दिसते. नवख्याने टिपलेल्या छायाचित्रात मात्र तेच धुके राखेच्या रंगाचे उमटते. माझीही सुरुवातीची कित्येक छायाचित्रे अशीच राखाडी आली होती आणि दोष कॅमेऱ्याच्या किमतीत असावा, असे मला बरेच दिवस वाटत होते. कारण वेगळेच होते, आणि छायाचित्रात स्वतःची दृष्टी आणू पाहणाऱ्याने इतर कशाहीआधी ते समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो. तो कमी भरला, तर वस्तू काळी आहे की उजेडच अपुरा आहे, हे त्या एका मोजमापावरून ठरत नाही. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे तो गृहीत धरतो. छायाचित्रकारांचे प्रमाण करडे कार्ड स्वतःवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते. रस्ता, झाडे, कौले, माणसे अशी सरमिसळ असेल तर हा अंदाज बहुधा जमतो. धुके या सरासरीपेक्षा कितीतरी उजळ असल्याने कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि पांढऱ्याचे करडे करतो. अशा वेळी कॅमेऱ्यातील प्रकाशभरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) अधिक १ वर न्यावी, म्हणजे सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडतो. फोनवर पडद्याला स्पर्श करून सूर्याचे चिन्ह वर सरकवले की तेच साधते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत याच्या उलट घडते. रट्ट राजघराण्याच्या काळात, इ. स. १२०४ मध्ये उभारलेल्या या जैन मंदिराचा दगड काळसर आहे. चौकटभर तोच दगड आला, की कॅमेरा त्याला उजळवून फिका करतो, आणि छतावरच्या कमळाच्या पाकळ्यांमधली सावली, जिच्यामुळे कोरीव कामाला खोली येते, ती हरवते. येथे भरपाई उणे १ करून पाहावी.

आत उभे राहून दाराकडे पाहिले तर आपल्याला बाहेरचे ऊनही दिसते आणि आतले खांबही, कारण नजर एकेका भागावर स्थिरावत असताना डोळा तेथील उजेडाशी जुळवून घेतो आणि मेंदू ते सारे एकत्र मांडतो. कॅमेरा एका टिपणीत संपूर्ण चौकटीला एकच मोजमाप लावतो. आजचे फोन अनेक टिपण्या जोडून ही उणीव भरून काढतात. ती सोय खरी असली, तरी सावली किती राखायची हे मग यंत्र ठरवते. दारात उभ्या माणसाची केवळ काळी आकृती हवी असेल, तर उन्हावर बोट ठेवून मापन करावे.

गोकाकच्या धबधब्यावर प्रश्न वेळेचा येतो, म्हणजे कॅमेऱ्यात किती वेळ प्रकाश घ्यायचा याचा. घटप्रभेचे पाणी तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. सेकंदाच्या हजाराव्या भागात थेंब गोठतात, तर अर्ध्या सेकंदात पाण्याचे रेशीम होते. लख्ख उन्हात, सेन्सरची संवेदनशीलता (आयएसओ) १०० आणि प्रकाश आत सोडणारे भिंगाचे छिद्र एफ १६ असताना, साधारण शंभरांश सेकंद पुरतो. अर्धा सेकंद म्हणजे त्याच्या पन्नासपट प्रकाश, त्यामुळे चित्र पांढरे पडते. दाट मळभात प्रकाश आठपटीने घटतो, तरी अर्ध्या सेकंदात येणारा प्रकाश गरजेच्या सुमारे सहापट राहतो. तेवढ्यासाठी भिंगापुढे आठपट प्रकाश अडवणारी करडी काच लावावी आणि कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा.