जपानी अ‍ॅनिमोनचे चिनी आणि हिमालयी कूळ

थंड हवेच्या देशांत ऑगस्ट संपत आला की बहुतेक वाफे दमलेले दिसतात. जपानी अ‍ॅनिमोनचा बहर सुरू होतो तो तेव्हाच. मीटर-सव्वा मीटर उंचीचे बारीक, चिवट दांडे, त्यांवर पांढरी किंवा गुलाबी फुले आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध हिरव्या गोळीभोवती पिवळ्या पुंकेसरांचे कडे. आधाराला काठी लागत नाही, आणि ऑक्टोबरपर्यंत फुले येत राहतात. कडाक्याच्या थंडीत वरचा भाग वाळून जातो, पण वसंतात मुळांतून नवी पालवी येते.

नावात जपान असला तरी या झाडाचे मूळ चीनमधले. तिथूनच ते फार पूर्वी जपानी बागांत गेले आणि पुढे तिथे मोकळ्या रानातही रुजले. डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून जपानला गेलेल्या कार्ल थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1784 मध्ये जपानच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. तेव्हा लागलेले ‘जपानी’ हे बिरुद कायमचे चिकटले.

युरोपच्या बागांत त्याला आणले रॉबर्ट फॉर्च्यूनने. पहिल्या अफू युद्धानंतर, 1842 च्या नानकिंग तहाने चीनची पाच बंदरे परक्यांना खुली झाली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला रोपे गोळा करायला तिकडे धाडले. शांघायच्या तटबंदीभोवतीच्या कबरींमध्ये, ऐन नोव्हेंबरात, त्याला हे झाड फुललेले दिसले. पुढे चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आणणारा फॉर्च्यून तो हाच. कबरींमधली ही जागा मला फार बोलकी वाटते. तिथली जमीन सहसा कोणी उकरत नाही, आणि या झाडाला मुळे हलवलेली अजिबात खपत नाहीत.

त्याने पाठवलेले झाड बुटके होते, फुले जांभळट गुलाबी आणि पुष्कळ अरुंद पाकळ्यांची. आज बागेत दिसणारी उंच झाडे आली ती एका संकरातून, आणि त्या संकराचा दुसरा धागा हिमालयात पोहोचतो. द्राक्षवेलीसारख्या पानांचे तिथले पांढरे अ‍ॅनिमोन लेडी अ‍ॅमहर्स्ट यांनी नेपाळमधून मिळवले आणि 1829 मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. या बाई म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नी. आपण ज्याला उर्वशी म्हणतो त्या वृक्षाचे शास्त्रीय नावही त्यांच्या कुटुंबावरूनच पडले आहे. लंडनजवळच्या चिझिक इथल्या सोसायटीच्या बागेत 1848 मध्ये चिनी आणि हिमालयी झाडांचा संकर झाला. संततीत चिनी झाडाचा काटकपणा उतरला आणि हिमालयी झाडाची उंचीही.

हा संकर मात्र जवळजवळ वांझ निघाला. बी धरत नसल्याने वाढ होते ती मुळांवाटेच. साधारण दहा वर्षांनी फ्रान्समधल्या व्हर्दन इथे जोबेर नावाच्या गृहस्थांच्या बागेत अशाच एका गुलाबी झाडाला आपसूक पांढऱ्या फुलांचा फुटवा आला. तो वेगळा करून वाढवला आणि त्याला ‘ओनोरीन जोबेर’ हे नाव मिळाले. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही त्याची जागा दुसऱ्या कोणत्या वाणाने घेतली आहे असे मला वाटत नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लँट असोसिएशनने वर्षाची वनस्पती म्हणून त्याचीच निवड केली. आज कुठेही लावलेले या वाणाचे अस्सल रोप हा व्हर्दनच्या त्या एका फुटव्याचाच अंश असतो.

म्हणूनच लागवडीत सगळी भिस्त मुळांवर. झाड सुप्तावस्थेत असताना पेन्सिलीपेक्षा बारीक, तपकिरी मुळाचे पाचेक सेंटीमीटरचे तुकडे करायचे, ओलसर मातीवर आडवे ठेवून वर पातळ थर द्यायचा. वसंतात त्यांना कोंब येतात. जागा अर्धसावलीची आणि ओल धरणारी हवी, पण निचरा चांगला पाहिजे, कारण हिवाळ्यात पाणी साचले तर थंडीला न डगमगणारे हे झाड कुजून मरते. पहिली एक-दोन वर्षे ते जागचे हलत नाही, तेव्हा उपटून दुसरीकडे लावायचा मोह टाळावा. एकदा जम बसला की मात्र जमिनीखालून लांबवर फुटवे काढते. नाजूक शेजाऱ्यांपासून ते दूरच लावावे आणि नको तिथले फुटवे वसंतातच मुळासकट काढावेत. तुटून राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो.