बायबलमधील स्थळनामांवरून बाळाचे नाव (सोलापूर)

बायबलमध्ये येणाऱ्या गावाचे, डोंगराचे, नदीचे किंवा प्रदेशाचे नाव बाळाला ठेवण्याची प्रथा. सोलापुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांत शारोन, कर्मेल, बेथेल, सियोन (यरुशलेमची टेकडी), यार्देन अशी नावे ऐकू येतात आणि त्यांच्यामागे जाधव, शिंदे, कांबळे अशी इथलीच आडनावे लागतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नाव परके वाटते, पण नाव ठेवण्याची ही रीत मराठीला मुळीच परकी नाही. काशीबाई, द्वारकाबाई, मथुराबाई, प्रयागाबाई, गोदावरी, भीमा ही सगळी स्थळनामेच. ज्या आजीने काशी कधी पाहिली नाही, तिलाच काशी म्हणून हाक मारली गेली. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने ‘पंढरी’ नावाचे पुरुष तर इथे घरोघर. मागे सोडलेले गाव मराठी माणूस आडनावात ठेवतो (बार्शीकर, अक्कलकोटकर) आणि श्रद्धेचे ठिकाण नावात. बेथेल किंवा सियोन या दुसऱ्या रांगेत बसतात.

नावांची मराठी रूपे बायबलच्या भाषांतरांतून आली. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील छापखान्यातून मराठी नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापले गेले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले आणि पुढे त्याच शतकात सोलापुरात काम सुरू केले. धर्म बदलला म्हणजे नाव बदललेच असे मात्र नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मुलाचे नाव देवदत्त होते, आणि देशी नाव राखणारी अशी घरे सोलापुरातही आहेत.

आज एकाच नावाची दोन रूपे चालतात. चर्चमधल्या वाचनातून आलेले शारोन, यार्देन, सियोन आणि इंग्रजी शाळेतून आलेले शेरॉन, जॉर्डन, झायन. तेलुगू भाषकांची मोठी वस्ती असलेल्या या शहरात तिसरे रूपही कानावर पडते, कारण तेलुगू बायबलात शेवटी उकार लागतो: सीयोनु, षारोनु. शोलापूर की सोलापूर, आणि मुळात सोळा गावांचे ‘सोळापूर’ की सिद्धरामेश्वरांच्या काळचे ‘सोन्नलगे’, हा वाद ज्या शहराच्या स्वतःच्या नावामागे आहे, तिथे याचे कुणाला फार वाटत नाही.

सर्वांत रुळलेले नाव शारोन. भूमध्य समुद्राच्या काठाने, याफो ते कर्मेल डोंगर यांच्या दरम्यान पसरलेले हे सुपीक मैदान. बायबलमधल्या गीतरत्न या काव्यातली वधू स्वतःला शारोनचे फूल म्हणवते, त्यामुळे नाव मुलींकडे झुकले. कर्मेल म्हणजे मळा, फळबाग. एलिया संदेष्ट्याने बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना आव्हान दिले तो हा डोंगर. कॅथलिक घरांत कर्मेल येते ते बहुधा कर्मेल डोंगराच्या मातेमुळे (येशूची आई मरिया), जिचा सण १६ जुलैला असतो. यार्देन हे नाव ‘खाली उतरणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूवरून आले असे मानतात. नदी हर्मोन डोंगराच्या पायथ्याकडून निघून समुद्रसपाटीखाली सुमारे ४३० मीटरवर असलेल्या मृत समुद्राला मिळते, तेव्हा नाव शोभते. येशूचा बाप्तिस्मा याच पाण्यात झाला. बेथेल म्हणजे देवाचे घर. याकोबाने स्वप्नात शिडी पाहिली ती जागा. बेथलेहेमचा अर्थ ‘भाकरीचे घर’. ज्वारीच्या या मुलखात याहून गोड अर्थ सापडणार नाही, तरीही मुलाला ते नाव कुणी सहसा ठेवत नाही. ते घराच्या पाटीवर शोभते.

लुदिया (इंग्रजी वळणाने लिडिया) हे नाव सोलापूरसाठीच घडवल्यासारखे आहे. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय १६ मध्ये, ही बाई फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला भेटते. ती थुवतीराची, जांभळी वस्त्रे विकणारी. थुवतीरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले अखिसार, लुदिया प्रांतात येत असे, म्हणून तिचे नाव मुळात ‘लुदियाकडची’ एवढेच असावे. मराठीत सांगायचे तर आडनावातला ‘कर’ तिच्या नावातच आला. त्या गावात रंगाऱ्यांचे संघ होते, हे तिथल्या शिलालेखांतून दिसते. सोलापुरात पहिली कापड गिरणी, ‘जुनी मिल’, १८७७ मध्ये उभी राहिली. पुढे हातमाग, मग यंत्रमाग, चादरी, टॉवेल. कोपरापर्यंत रंगलेले हात या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. तशीच येशूची शिष्या मरिया मग्दालिया: गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची ती मग्दालिया, आणि मग्दालाचा अर्थ बुरूज. भुईकोट किल्ल्याच्या शहरात तोही कळायला सोपा.

कानाचा प्रश्न वेगळा. बायबलच्या निर्गम ग्रंथात ‘मारा’ हे कडू पाण्याचे ठिकाण आहे; मराठी शाळेत ते नाव ठेवलेल्या पोराचे काय होईल ते सांगायला नको. ‘शूर’ हे रान मराठीत उलट चांगलेच वाजते. अब्राहामाचे गाव ‘ऊर’ मराठीत छाती आणि इथल्या कानडी शेजाऱ्यांना गाव (ऊरु) वाटते. सीनाय (मोशेला देवाच्या आज्ञा मिळाल्या तो डोंगर) म्हटले की सोलापूरकराला आधी सीना नदी आठवते, जी हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. दोन्ही नावांचा एकमेकांशी संबंध नाही. पापामुळे नष्ट झालेल्या सदोम आणि गमोरा या शहरांच्या वाटेला कुणी जात नाही.

इस्राएल, यहूदा, एफ्राईम ही आधी माणसांची नावे होती, प्रदेश मागून आले. ती स्थळनामांत धरू नयेत. लुर्द, फातिमा, वेळांकणी ही ठिकाणे मरियेच्या भक्तीची, बायबलमधली नव्हेत. तिरसा मात्र दोन्हीकडे बसते: सलाफहादाच्या पाच मुलींपैकी एक, आणि शोमरोन शहराच्या आधीची इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची राजधानी.

नाव जाहीर होते ते बाप्तिस्म्याला किंवा चर्चमधल्या अर्पणविधीत. कॅथलिक धर्मविधिनियम ८५५ नुसार नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढीच अट. काही घरांत त्याआधी पाळणाही बांधतात. उपदेशकांची प्रार्थना होते, मग आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. गल्लीत त्याचे रूप लगेच बदलते: मुलगी ‘शारू’ होते, आणि थोरल्या भावाला खालून हाक येते, “ए यार्देन्या, हिकडं ये की बे!”

जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण नाव तेव्हा कोरे ठेवता येते. १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन लिप्यांत असतो. मराठीत यार्देन आणि इंग्रजीत जॉर्डन लिहून घेतले, तर शाळेत नाव घालताना बाप एकाच मुलाचे दोन दाखले घेऊन आलाय की काय, असे कारकुनाला वाटते. म्हणून अर्ज भरण्याआधी आजीचे बायबल आणि आईची इंग्रजी स्पेलिंग शेजारी ठेवून एकच उच्चार ठरवलेला बरा.